फळ्यावरची नावं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर डॉक्टरांनी कॉम्प्युटरपुढे बसू दिलं नाही. आता नीट दिसायला लागलंय, आणि लिहायला विषय म्हणून एक भांडणच हाताशी आलंय.

झालं असं. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर छोटासा कार्यक्रम होता. दिवा लावला, कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घातला. एका सन्मान्य सभासदांनी तळमळीनं भाषण केलं. नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना एकोणसत्तर म्हणजे किती ते कळत नाही, 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं अभिजात दर्जा दिला तरी घरातली मराठी संपत चालली आहे, वगैरे. सगळं खरंच होतं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

नंतर चहाच्या वेळी कुणीतरी आदिवासी बोलींचा विषय काढला. तेव्हा तेच गृहस्थ म्हणाले, "अहो, त्या बोली जाणारच. निसर्गनियमच आहे तो. मोठा मासा लहान माशाला खातो. त्या मुलांना मुख्य प्रवाहात यायचं असेल तर ते बरंच आहे."

मधे पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती हो! इंग्रजीनं मराठीला खाल्लं तर तो अन्याय, आणि मराठीनं कोरकूला खाल्लं तर तो निसर्गनियम. मी एवढंच म्हणालो, तर केवढा गदारोळ. "तुम्ही जन्मभर मराठी शिकवलीत आणि तुम्हीच असं बोलता?" मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणून उरलेलं इथे लिहितो. जन्मभर मराठी शिकवली म्हणूनच बोलतोय, आणि त्यात आधी माझा कबुलीजबाब आहे.

मी धुळ्याकडचा. घरात अहिराणी. 1974 साली आमच्याकडे जागा नव्हत्या, तेव्हा मामांच्या ओळखीनं मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी मिळाली. बी.ए. मी तिथूनच बाहेरून केलं, मराठी घेऊन. मुलं जवळजवळ सगळी कोरकू. मला कोरकूचं अक्षर येत नव्हतं, आणि शिकावं असं मनातही आलं नाही. कारण ती भाषा आहे हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ही मराठीचीच किंवा हिंदीची काहीतरी मोडकी बोली असणार.

पहिलीच्या वर्गात तक्ता लावला होता. प - पाण्याचा, आणि माठाचं चित्र. एका मुलाला मी विचारलं, "हे काय?" तो झटकन म्हणाला, "डा." मी म्हटलं, "डा नाही, पाणी. म्हण, पाणी." तो पुन्हा म्हणाला, "डा." वर्ग हसला. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मी त्याच्या हातावर पट्टी मारली.

कोरकूत पाण्याला डा म्हणतात. त्यानं बरोबर उत्तर दिलं होतं. चुकीचं उत्तर मास्तरला माहीत होतं.

पुढे तो वर्षभर वर्गात यायचा, पण बोलायचा नाही. मी त्याच्या नावापुढे "मंद" असा शेरा मारला. दुसऱ्या वर्षी तो यायचा बंद झाला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी लाल शाईनं गैरहजेरी मांडत राहिलो आणि मग एक दिवस नाव कमी केलं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तरुण होतो, उत्साही होतो. मुलांनी लवकर मराठी शिकावी म्हणून मी एक युक्ती काढली. वर्गात जो कोरकू बोलेल त्याचं नाव मॉनिटरनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. दुसरा कुणी बोलला की आधीचं पुसायचं आणि त्याचं लिहायचं. शाळा सुटताना ज्याचं नाव फळ्यावर असेल त्यानं वर्ग झाडायचा. मॉनिटरही कोरकूच होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी भेटीच्या वेळी या युक्तीचं कौतुक केलं होतं. मला ते फार वर्षं अभिमानानं आठवायचं.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. एकदा वेल्स देशाबद्दल वाचत होतो. तिथे एकोणिसाव्या शतकात शाळांमधे लाकडाची एक पट्टी असायची. जो मुलगा वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. दुसरा बोलला की त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला मार. जपानमधे ओकिनावाच्या मुलांच्या गळ्यातही अशीच पाटी घालत. मी पुस्तक मिटून ठेवलं. धारणीच्या जंगलात बसून, कुणी न शिकवता, मी तेच शोधून काढलं होतं! पोरांकडूनच पोरांवर पाळत ठेवायची. म्हणजे कुणालाही ते आपोआप सुचतं. त्यासाठी दुष्ट असावं लागत नाही, आपली भाषा म्हणजेच भाषा एवढं वाटलं की पुरे.

मग कोरकूबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि एकेक गोष्ट कळत गेली. कोरकू ही मराठीची बोली नाहीच. ती मुंडा भाषांपैकी. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी, आणि लांबचे नातेवाईक पार कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत. मराठीचं इंग्रजीशी जितकं दूरचं नातं आहे, तितकंसुद्धा कोरकूशी नाही. कोरो म्हणजे माणूस, आणि कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. त्यांचं नावच तेवढं आहे.

आणि कोरकूत द्विवचन आहे. एकासाठी वेगळं, दोघांसाठी वेगळं, अनेकांसाठी वेगळं. मंडळी, "रामः रामौ रामाः" आपण घोकून घोकून पाठ केलं आहे. मराठीतून द्विवचन केव्हाच गेलं, म्हणून आम्हाला ते अवघड जायचं, आणि ज्याला यायचं तो हुशार. ते द्विवचन माझ्या वर्गातल्या सहा वर्षांच्या पोराला न घोकता येत होतं, आणि त्याला मी मंद म्हणालो.

आता त्या निसर्गनियमाकडे वळतो.

भाषा आपोआप मरत नाही. आपोआप बदलते. ज्ञानेश्वरांची मराठी आज कुणी बोलत नाही, पण ती मेली नाही, आजच्या मराठीत वाढत आली. मरणं वेगळं. भाषा मरते तेव्हा आईबाप ती जाणून असतात आणि मुलांशी मुद्दाम बोलत नाहीत. मुद्दाम का बोलत नाहीत? कारण कुणीतरी त्यांचं नाव फळ्यावर लिहिलेलं असतं.

दुसरं, आपण मोजतच नाही. 1961 च्या जनगणनेत 1652 मातृभाषांची नोंद आहे. 1971 पासून ठरलं की दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलत असतील ती भाषा यादीत वेगळी दाखवायची नाही. झाली यादी 108 ची. 2011 मधे लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं 19,569 होती. ती गाळून-जुळवून 1369 केली आणि शेवटी 121 भाषा दाखवल्या. डॉ. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणानं 2010 नंतर गावोगावच्या माणसांना हाताशी धरून मोजलं तेव्हा 780 भाषा सापडल्या. हा फरक निसर्गानं केलेला नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ग्रियर्सनपासून विद्वान तिच्यामागे लागले, 1962 साली कायपर नावाच्या डच पंडितानं तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. तिच्यात शेजारणींचे शब्द खच्चून भरले आहेत, कोरकूचे, मराठीचे, द्राविडीसुद्धा. पण ते बाजूला काढले की खाली जे उरतं त्याचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं जुळत नाही. जगात एकटी भाषा, आणि ती आपल्या विदर्भात! आमच्या कट्ट्यावर चौदा माणसं होती, त्यांतली तीन बुलढाण्याकडची. निहालीचं नाव एकालाही माहीत नव्हतं. मराठीच्या अभिजातपणाचे पुरावे मात्र सगळ्यांना पाठ होते.

अंदमानात बो नावाची भाषा होती. ती बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, 26 जानेवारी 2010 ला वारली. तिच्या भाषेचा अभ्यास अन्विता अब्बी यांनी केला होता, म्हणून निदान काही टिपून तरी ठेवलं गेलं. पण शेवटच्या वर्षांत तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. विचार करा. आपली नात "आजोबा, व्हॉट इज एकोणसत्तर?" म्हणाली तर आपल्याला रात्रभर झोप येत नाही.

कट्ट्यावर माझ्यावर आणखी तीन आक्षेप आले. त्यांचीही उत्तरं देतो.

पहिला : "मेलेली भाषा परत येत नाही, कशाला खर्च करायचा?" येते. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधे मॅन नावाचं लहानसं बेट आहे. तिथल्या मँक्स भाषेचा जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, 1974 च्या डिसेंबरात गेला. पण त्याच्यासारख्या म्हाताऱ्यांकडे जाऊन काही मंडळींनी आधीच भाषा शिकून घेतली होती, आवाज टेप करून ठेवले होते. 2001 साली तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. 2009 साली युनेस्कोनं मँक्स नामशेष झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या शाळेतल्या पोरांनी युनेस्कोला मँक्समधेच पत्रं लिहिली, की आमची भाषा मेली असेल तर हे पत्र कुठल्या भाषेत आहे? युनेस्कोला शेरा बदलावा लागला. मास्तरांच्या शेऱ्याला असं उत्तर देणारी पोरं मला फार आवडली.

न्यूझीलंडच्या माओरींचंही तसंच. त्यांच्या मुलांनी शाळेत माओरी बोललं की मार खाल्ला. त्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांना माओरी शिकवलीच नाही. मग 1982 साली त्यांनी एक साधी गोष्ट केली. बालवाड्या काढल्या आणि त्यांत आजी-आजोबांना बसवलं. मधली पिढी गप्प झाली होती, तिला ओलांडून आजीनं थेट नातवाशी बोलायचं. काही वर्षांत अशा शेकडो बालवाड्या झाल्या, आणि 1987 साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. सगळं सोपं झालं असं नाही, अजूनही त्यांची ओढाताण चालूच आहे. पण सुरुवात आजीपासून झाली, सरकारी जीआरपासून नाही.

दुसरा आक्षेप : "मग त्या मुलांना मराठी-इंग्रजी येणार कशी?" हा प्रश्न मास्तराला विचारा. मूल वाचायला एकदाच शिकतं. खुणेमागे आवाज असतो आणि आवाजामागे आपल्या ओळखीची वस्तू असते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढची भाषा त्याच शिडीवरून चढता येते. कोरकू देवनागरीत छान लिहिता येते. मी जर त्या मुलाला "ड - डा चा" असं शिकवलं असतं, तर ड त्याच दिवशी आला असता, आणि तिसरीपर्यंत तो मराठीही वाचायला लागला असता. मी त्याला न कळणाऱ्या आवाजांची न कळणारी चिन्हं शिकवत होतो. म्हणजे जर्मन येत नसलेल्याला जर्मनमधून लघुलिपी शिकवण्यातला प्रकार.

आणि हे मी नवीन सांगत नाही. राज्यघटनेत 1956 सालीच 350 अ कलम घातलं आहे, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यानं करावी. ओडिशानं 2006-07 पासून आदिवासी मुलांसाठी दहा भाषांत ते सुरू केलं, पुढे 21 भाषांपर्यंत नेलं. आपल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 साली स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवली, आणि गावाला न्याय मागायला उच्च न्यायालयात नागपूरला जावं लागलं. गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 29 लाखांच्या वर आहेत. हे काही शे-दोनशे लोकांचं खूळ नाही.

2025 चा एप्रिल आठवा. पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा आपण किती पेटलो होतो! "सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका, त्याला आधी मातृभाषेत घट्ट होऊ द्या." मीही सही केली होती, आणि ती योग्यच होती. 29 जूनला जीआर मागे घेतले तेव्हा कट्ट्यावर पेढे वाटले. आता त्याच वाक्यातला "हिंदी" शब्द काढून "मराठी" घाला आणि ते धारणीच्या पहिलीतल्या पोराच्या तोंडून ऐका. एक तरी शब्द खोटा ठरतो का? आपला युक्तिवाद जर खरा असेल तर तो सगळ्यांसाठी खरा असला पाहिजे. नाहीतर तो युक्तिवाद नव्हे, नुसती आपली संख्या आहे. आणि संख्येचाच हिशोब असेल तर हिंदीवाल्यांना आणि इंग्रजीवाल्यांना बोलायला आपल्याला तोंड राहत नाही.

तिसरा आक्षेप : "आदिवासी पालकांनाच त्यांची भाषा शाळेत नको आहे." हा सगळ्यात अवघड, कारण तो बऱ्याच ठिकाणी खरा आहे. पण त्यांना ती का नको आहे, हे मला माहीत आहे. माझ्याच घरात माहीत आहे.

मी चार-पाच वर्षांचा असताना शाळेत गुरुजींना म्हणालो होतो, "माले भूक लागनी." गुरुजी म्हणाले, "मला भूक लागली, असं म्हण. माणसासारखं बोल." तेव्हापासून मी माणसासारखं बोलायला लागलो. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो, बहिणाबाई शिकवल्या. बहिणाबाईंची बोली अहिराणीच्या शेजारची. पुस्तकात आली की डोक्यावर घ्यायची, आणि वर्गात एखाद्या खेड्यातल्या मुलीच्या तोंडून आली की अशुद्ध म्हणायची, हे मी तीस वर्षं केलं.

माय म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली. मुलं लहान होती. एकदा घरी पाहुणे होते, साहेब लोक. माय बाहेर येऊन अहिराणीत बोलायला लागली. मी तिला आत नेऊन म्हणालो, "यांच्यापुढे जरा नीट बोल ना." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुले मनी लाज वाटस का?"

मी "नाही" म्हणालो. पण त्यानंतर माय पाहुण्यांपुढे कधी बोलली नाही. मुलांशीही कमीच बोलायला लागली. ती गेली तेव्हा तिच्या जात्यावरच्या ओव्या, कोडी, शिव्या, सगळं तिच्याबरोबर गेलं. माझ्या मुलांना अहिराणी येत नाही. 2011 च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली 18 लाखांवर माणसं नोंदलेली आहेत. माझ्या घरातलं त्यांत एकही नाही. मीसुद्धा "मराठी" असंच लिहून दिलं होतं.

आता माझी मुलं त्यांच्या मुलांशी इंग्रजीत बोलतात आणि मी रागावतो. माझ्या मुलानं एकदा शांतपणे विचारलं, "बाबा, तुम्ही आजीची भाषा आम्हाला का नाही शिकवलीत?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानं जे केलं ते माझ्याकडूनच शिकून केलं. वरची भाषा धरायची आणि खालची सोडायची, हा धडा मीच गिरवून घेतला होता.

म्हणून त्या कट्ट्यावरच्या गृहस्थांना माझं सांगणं आहे. मराठी जरूर वाचवा, मी तुमच्याबरोबर आहे. पण आधी मेळघाटात नेमलेल्या प्रत्येक मास्तराला कोरकू शिकायला लावा. परप्रांतातून आलेल्या आयएएस अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागतेच ना? मग आमच्यासारख्यांना काय सोन्याची जीभ होती? अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत गावातली एक आजी बसवा, तिला मानधन द्या. निहालीसाठी आजच कुणीतरी टेप घेऊन जा. आणि पुढच्या जनगणनेला घरातली खरी भाषा लिहा.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. आमच्या नातलगांपैकी जे हे वाचतात त्यांना, विशेषतः धुळ्याच्या पुतण्यांना सांगतो, यापुढे मला फोन केलात तर अहिराणीत बोलायचं. माझी जीभ अडखळेल, तुम्ही हसा, पण दुरुस्त करा. मायच्या ओव्या कुणाला आठवत असतील तर मोबाइलवर म्हणून पाठवा, मी लिहून काढतो. नातीला मी एक कोडं शिकवलं आहे, तिला त्यातलं अर्धं कळतं. अर्धं तर अर्धं.

त्या मुलाचं नाव मला आठवतं. इथे लिहीत नाही, मी ते एकदा फळ्यावर लिहिलं आहे, तेवढं पुरे. आज तो साठीकडे झुकला असेल.

असो. खूप लिहिलं. मत पटलं नसेल तर खाली जरूर लिहा, कट्ट्यावरच्या मंडळींनीही. शिव्याच द्यायच्या असतील तर ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत द्या, मी आनंदानं वाचीन.